मागच्या भिंतीकडचा पोर्ट

केयूरनं स्विचच्या कपाटाशेजारी बादली उलटी ठेवली, तिच्यावर बसला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि कॅमेऱ्याचा एखादा जुना पोर्ट शोधू लागला. जिन्याच्या तोंडाशी नवा कॅमेरा लावायचा होता. नव्या पोर्टसाठी सगळे नियम पुन्हा हातानं लिहीत बसण्यात काही अर्थ नव्हता. जो पोर्ट बिनतक्रार चालतोय त्याचे नियम उचलायचे आणि नव्यावर चिकटवायचे, ही या धंद्यातल्या सगळ्यांची रीत. त्याचंही आजवर त्यामुळे काही अडलं नव्हतं.

‘कॅमेरा, मागची भिंत’ असं नाव दिसलं. त्यानं तो पोर्ट उघडला. नियम जागच्या जागी होते. इथून जे येईल ते शेवटच्या रांगेत टाका, गर्दी झाली तर आधी हेच सोडून द्या. कॅमेऱ्याला तेच बरोबर. चित्र क्षणभर उशिरा आलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. केयूर ते उचलणार, एवढ्यात त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. या पोर्टला काय जोडलंय ते तिथं लिहिलेलं होतं. कॅमेरा नव्हताच तिथं. फोन होता.

“हात्तिच्या,” तो स्वतःशीच म्हणाला आणि हसला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

मागच्या भिंतीचा कॅमेरा दिवाळीच्या सुमाराला काढून दारावर लावला होता. त्याच्या जागी एक टेबल आलं होतं, आणि टेबलावर गोपिकाचा फोन.

स्विच म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा, आणि पोर्ट म्हणजे त्यातलं एकेक खाचेएवढं दार. सगळ्यांनी एकदम धाव घेतली की कोणाला आधी सोडायचं, हे स्विचला कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. ते सांगणं हेच केयूरचं काम. बोलणं पहिल्या रांगेत, कारण बोलणं थांबून राहू शकत नाही. रिपोर्ट आणि मेल मधल्या रांगेत. कॅमेरे सगळ्यांच्या मागं. फोन आपल्याकडून आवाजावर ‘मला आधी सोडा’ अशी खूण लावूनच पाठवतो. पण पोर्टवर कॅमेऱ्याचे नियम असले तर पोर्ट ती खूण पुसतो आणि तिथं आपली लावतो. मग आवाज शेवटच्या रांगेत. गर्दी वाढली की तुकडे तुकडे करून गटारात.

टाकून दिलेल्या तुकड्यांचा हिशेब स्विच आपणहून ठेवतो. केयूरनं तो आकडा पाहिला आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं.

ते सगळे तुकडे गोपिकाच्या बोलण्याचे होते.

सदर भागातल्या त्या इमारतीत दवाखान्यांच्या एका समूहाचं कॉल सेंटर होतं. भंडाऱ्याहून, गोंदियाहून, वर्ध्याहून माणसं फोन करायची. डॉक्टर कधी बसतात, रिपोर्ट आला का, उपाशीपोटी यायचं की जेवून. गोपिका कामठीची. तिच्या घरालगतच पावरलूम चालायचे. त्या खडखडाटात वाढलेली पोर, त्यामुळे आवाज खणखणीत आणि एकेक शब्द सुटा. मुलाखतीत तिनं तोंड उघडलं तेव्हा कॉल सेंटर सांभाळणाऱ्या श्वेता मॅडमनी हसत हसत कानांवर हात ठेवले होते आणि ‘हीच पाहिजे’ म्हणाल्या होत्या. फोन करणारी निम्मी माणसं म्हातारी, त्यांना ऐकू तर गेलं पाहिजे.

आणि पहिल्याच महिन्यात तक्रारी सुरू. ही बाई अर्धंच बोलते. शब्द खाते. श्वेता मॅडमनी रेकॉर्डिंग काढून ऐकलं, तर खरंच शब्दांची शेपटं गायब. खरखर नाही, मध्ये शांतता नाही. तुटलेली जागा यंत्र आपल्या परीनं सारवून घेतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं माणूसच गिळतोय.

तेव्हा गोपिका केयूरकडे आली होती.

“सर, माह्या फोनचं काही तरी बिघडलं हाय. मले त्यायचं सारं ऐकू येते, त्यायलेच माहं नाही येत. जागा बदलून देता का?”

केयूर जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी गेला होता. मजला रिकामा होता. त्यानं लॅपटॉपवरून तिच्या फोनला हाका घालून पाहिल्या, आणि फोननं प्रत्येक हाकेला ओ दिली. सामसूम रस्त्यावर गाडी धावणारच. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण भूक लागली होती, आणि डब्यात वांग्याची भाजी होती. पोर्ट उघडून पाहायचा त्यानं कंटाळा केला. ‘नेटवर्क ठीक’ असं मॅडमना कळवलं. माणसं परतल्यावर गोपिकानं पुन्हा विचारलं, तेव्हा तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता,

“जागा बदलून आवाज बदलत नसतो, ताई.”

काय हशा पिकला! त्या दिवसापासून ते वाक्य मजल्यावर वावरू लागलं. चहा पाणचट निघाला की कुणीतरी म्हणायचंच, कप बदलून चव बदलत नसते, ताई. केयूरलाही आपल्या वाक्याचं कौतुक वाटायचं. त्याची जीभ पहिल्यापासून अशी तिखट, महाल भागातल्या मित्रांत त्यावरच त्याचं नाव झालेलं.

नेटवर्क ठीक म्हटल्यावर दोष उरला तो तिचाच. तिला शिकवणीला बसवलं. हळू बोला. मऊ बोला. शब्द ओठांवर आणा. मले-तुले घरी ठेवून या. गोपिका ते सगळं करत गेली. तोंडात ज्येष्ठमधाची काडी, टेबलावर कोमट पाण्याची बाटली. डब्याच्या सुट्टीतही ती “मी आपली काय मदत करू शकते” हे पुन्हा पुन्हा घोकत असायची. तक्रारी थोड्या कमी झाल्या, कारण सावकाश बोललं की एक तुकडा गळाला तरी उरलेल्यावरून अर्थ लागतो. पण थांबल्या नाहीत. आणि आज चार वाजता तिची उमेदवारी संपत होती. श्वेता मॅडम आणि वरचे एक साहेब काचेच्या खोलीत बसून तिचे फोन ऐकणार होते. ठेवायचं की घरी पाठवायचं, ते तिथंच ठरायचं होतं.

केयूरनं झाकण पुन्हा उघडलं. दोन ओळींचं तर काम. एक जुने नियम काढणारी, एक आवाजाचे नियम लावणारी. त्यानं त्या लिहिल्या आणि बटण दाबलं. कपाटातले हिरवे दिवे होते तसेच लुकलुकत राहिले.

त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता कुणाला काही कळणार नाही. पाठोपाठ त्या विचाराचीच त्याला इतकी लाज वाटली की बादलीवरून उठताना त्यानं उगाचच पँट झटकली.

मजल्यावर गलका चालू होता. मागच्या भिंतीशी गोपिका छातीवर तळवा ठेवून बोलत होती. असं केलं की आवाज शांत राहतो, हे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं.

“नमस्कार, मी गोपिका बोलते आहे. आजी, आपण बुधवारी सकाळी या. उपाशीपोटी या.”

बोलून ती थांबली. पलीकडून नेहमीचं ‘आं? काय म्हणलं?’ येईल म्हणून तिनं तेच वाक्य पुन्हा सुरूही केलं, आणि मध्येच तोडलं.

“ऐकू आलं? हो का! एकदाच?”

तिनं कानापासून दूर धरलेल्या रिसीव्हरकडे पाहिलं. मग केयूर दिसला तशी ती हसली. केयूरनं पाण्याच्या मशीनकडे बोट दाखवलं, जणू तो तिकडेच निघाला होता, आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यायला.

चारला काचेचं दार बंद झालं. केयूर आपल्या खुर्चीवर बसून एकच स्क्रीन वरखाली करत राहिला. दार उघडलं तेव्हा वरचे साहेब स्वतः टाळ्या वाजवत बाहेर आले. गोपिका पक्की झाली होती. सगळा मजला टाळ्या वाजवायला लागला, आणि तिच्या शेजारचा सुशील खुर्चीवर उभा राहून ओरडला,

“घ्या केयूर सर! जागा न बदलता आवाज बदलला का नाही?”

सगळे खो खो हसले. केयूरही हसला. हसला म्हणजे, त्याचे दात दिसले.

थोड्या वेळानं गोपिका त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, आपले आभार मानायचे होते.”

“माझे कशाला?”

“आपण त्या दिवशी तोंडावर बोललात. मला फार राग आला होता. घरी जाऊन रडले. पण नंतर वाटलं, सर खरं तेच बोलले. मी मशीनवर ढकलत होते. दोष माझ्यातच होता.” एकेक शब्द ती ठेवणीतल्या कपांसारखा जपून खाली ठेवत होती. “आपण बोलला नसतात तर मी सुधारले नसते.”

केयूरच्या जिभेवर एरवी नको तेव्हा शंभर वाक्यं यायची.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

ती गेली. केयूर उठला तो थेट श्वेता मॅडमच्या खोलीत शिरला.

“मॅडम, गोपिकाच्या आवाजाचं... ते तिचं नव्हतं. पोर्टवर कॅमेऱ्याचे नियम राहिले होते. माझी चूक. मी तपासलंच नव्हतं.”

श्वेता मॅडम पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राहिल्या. बाई तशी वाईट नव्हती.

“कधी दुरुस्त केलंस?”

“आज सकाळी.”

“म्हणजे आजचे फोन...”

“हो.”

मॅडमनी उठून दार लावून घेतलं.

“वर मी काय कळवलंय माहितीये? शिकवणीचा उपयोग झाला म्हणून. आता साहेब आणखी मुलींना शिकवणीला बसवणार आहेत.” त्या थकल्यासारखं हसल्या. “केयूर, पोरगी पक्की झाली. खुश आहे. तिला हे सांगून तू काय मिळवणार? आणि तिनं मला विचारलं, की मॅडम, माझ्यावर विश्वास का नाही ठेवला, तर मी काय सांगू? जाऊ दे आता. झालं ते चांगलंच झालं.”

“बरं, मॅडम,” केयूर म्हणाला.

खोलीबाहेर आला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. आपण सांगायला गेलो होतो, मॅडमच नको म्हणाल्या. जिन्याच्या मध्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला खरंच बरं वाटतंय, आणि मग मात्र त्याला स्वतःची शिसारी आली.

सुटीच्या वेळी गेटवर नेहमीची गर्दी होती. केयूर बाईक काढून रांगेत उभा होता. मागं श्वेता मॅडमची गाडी, बाजूला हेल्मेट चढवत असलेला सुशील. वॉचमननं कुणाला तरी त्याच्याकडे बोट करून दाखवलं, तसे एक गृहस्थ लगबगीनं पुढं आले. इस्त्रीचा शर्ट, पण भुवईत सुताचा बारीक कण अडकलेला.

“तुमीच का गा केयूर सर?” हे त्यांनी इतक्या मोठ्यानं विचारलं की रस्त्यावरचा ऑटोवालाही वळून पाहू लागला.

“हो.”

“मी बाबाराव. गोपिकाचा बाप. पोरीचा मेसेज आला, पक्की झाली म्हने. म्हटलं आज आपुनच न्याले जाव.” त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “तुमचं नाव लिवलं तिनं त्याच्यात. सरनं सांगतलं म्हणून मी सुधरली, म्हनते. नाही त आजकाल तोंडावर कोन सांगते?”

केयूरनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तो सुटला नाही.

“एक विचाराचं होतं, सर. तुमचे दवाखाने हायेत म्हणून.” बाबारावांनी मागं वळून जिन्याकडे पाहिलं आणि आवाज आपल्या मते खाली आणला, तरी तो गेटभर ऐकू येत होता. “कानाची मशीन कोठी बसवून भेटते?”

“का? काय झालं?”

बाबाराव त्याच्या ओठांकडे पाहत राहिले, मग त्यांना अंदाज आला.

“पावरलूमवर जलम गेला, कान त कवाचेच गेले. बायकोचं नाही ऐकू येत, शेजाऱ्याचं नाही येत. पन पोरीचं ये. एका तिचंच सारं ऐकू ये मले. आता दिवाळी झाल्यापासून तिचंबी येऊन नाही राहिलं. ती बोलते, अन् मी नुसताच हो हो करतो. तिले वाटते बाबाले समजलं.” ते कसंनुसं हसले. “तिकडं साऱ्या हापिसाले समजते म्हने तिचं, बापालेच समजत नाही. म्हंजे माहेच कान पार गेले न, सर? तिले सांगजा नोका. आजच त खुश झाली पोरगी.”

केयूरनं बाईक स्टँडवर लावली. ‘कानाच्या डॉक्टरांना दाखवू, मी नंबर देतो’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. बाबाराव आशीर्वाद देऊन गेले असते.

“काका, चूक माझी होती,” तो म्हणाला.

“आं?”

“माझी चूक होती.”

“मोठ्यानं बोला, सर.” बाबारावांनी कानामागं हात नेला. “लाजता काहून?”

केयूरनं बाजूला पाहिलं. सुशीलचे हात हेल्मेटच्या पट्ट्यावर थांबले होते. मॅडमच्या गाडीची काच खाली होती. कानाशी तोंड नेऊन हळूच सांगावं असं त्याला फार वाटलं. मग त्यानं श्वास घेतला.

“चूक माझी होती!” तो ओरडला. “तिचा आवाज पहिल्यापासून चांगला होता! वायर मी चुकीची लावली होती, तिचं बोलणं त्यातच तुटत होतं! मी तपासलंच नाही! वरून सगळ्यांसमोर तिला हसलो! तिला काही सुधारायची गरज नव्हती, काका!”

वायर चुकीची नव्हती, नियम चुकीचे होते. पण नियम ओरडून सांगता येत नाहीत. त्याचा आवाज इमारतीवर आपटून परत आला. बाईक सुरू करणाऱ्यांनी बाईक बंद केल्या. सुशीलनं मान खाली घातली. गाडीची काच सावकाश वर गेली.

बाबारावांनी त्याचा हात सोडला. चेहऱ्यावर राग येईल म्हणून केयूर वाट पाहत होता, पण बाबाराव वेगळ्याच हिशेबात होते.

“पयलेपासून चांगला होता?”

“पहिल्यापासून!”

“मंग...” त्यांचे डोळे चमकले. “मंग माहे कान?”

केयूरची नजर जिन्याकडे गेली.

गोपिका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. कधीपासून, कोण जाणे. पर्सचा पट्टा तिनं मुठीत घट्ट आवळला होता. ती गर्दीतून सरळ चालत आली. बापाच्या भुवईतला सुताचा कण तिनं नखानं काढला, आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, कान बराबर हायेत तुमचे! मीच हळू बोलून राहिली होती! चाला आता घरी, आई वाट पाहून राहिली!”

“आलं!” बाबाराव लहान पोरासारखे हसले. “आलं वं, ऐकू आलं! सारं आलं!”

ते मोपेड काढायला वळले. गोपिका केयूरकडे वळली. डोळे भरलेले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तिनं तळवा छातीवर ठेवला.

“येते मी, सर,” ती म्हणाली. शिकवलेल्या त्या मऊ, शुद्ध आवाजात, इतकं हळू की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं.